पेटीतल्या तबकड्या, स्पूल, कॅसेटी, सीडी: आधी काय वाचवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: घर आवरताना एका जुन्या पेटीत जाड, जड तबकड्या निघाल्या. त्यांच्याखाली काही एलपी, टेपचे दोन मोठे स्पूल, पिशवीभर कॅसेटी आणि घरीच बर्न केलेल्या दहाबारा सीडी. इतकी माध्यमं आली कशाला? प्रत्येक पुढचं माध्यम आधीच्यापेक्षा चांगलं होतं म्हणून आलं का? आणि यातलं आधी काय वाचवायचं?

जुनी ध्वनिमुद्रणं डिजिटल करून देण्यात माझी तीसेक वर्षं गेली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना उलटं वाटतं, म्हणून ते आधी देऊन टाकतो. आधी बर्न केलेल्या सीडी, मग स्पूल आणि कॅसेटी, मग एलपी, आणि सगळ्यात शेवटी त्या जाड तबकड्या. पेटीतली सगळ्यात म्हातारी वस्तूच सगळ्यात धडधाकट आहे. (एक अपवाद आहे, तो शेवटी सांगतो. तो चुकवू नका.)

मधल्या प्रश्नाचं उत्तर आहे ‘नाही’. आवाज सुधारावा म्हणून माध्यम बदललं असं फार थोड्या वेळा घडलं. खरं भांडण होतं मिनिटांचं: एका दमात किती वेळ वाजतं, आणि मध्ये उठावं लागतं की नाही.

गंमत म्हणजे आवाज पकडणारा पहिला माणूस तो परत ऐकवायच्या फंदात पडलाच नव्हता. एदुआर-लेओन स्कॉट द मार्तिनव्हील या फ्रेंच माणसानं १८५७ मध्ये काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ उमटवणारं यंत्र काढलं. ती रेघ डोळ्यांनी बघायची, अभ्यासायची, एवढाच हेतू. त्याचे १८६० सालचे कागद २००८ मध्ये संशोधकांनी स्कॅन केले आणि संगणकानं त्या रेघेचा आवाज केला. एका फ्रेंच लोकगीताचे काही सेकंद ऐकू आले, एखादी लहान मुलगी गातेय असे. पुढे लक्षात आलं की वेग दुप्पट धरला गेला होता. गाणारा बाप्या होता, बहुधा स्कॉट स्वतःच. वेग चुकला की माणूसच बदलतो. हे आमच्या कामातलं रोजचं दुखणं आहे, पुढे पुन्हा येईल.

एडिसननं १८७७ मध्ये नळकांड्याभोवती कथलाचा वर्ख गुंडाळला आणि त्यावर सुईनं आवाज कोरला. सुई पुन्हा त्याच चरातून नेली की आवाज परत येई. वर्ख चारदोन वेळा वाजला की संपला. या यंत्राचे उपयोग एडिसननं लिहून काढले तेव्हा पहिला नंबर पत्रांचा मजकूर सांगून ठेवण्याचा होता, संगीत खाली होतं. मेणाचं नळकांडं आल्यावर ते बऱ्यापैकी टिकायला लागलं. ते तासून पुन्हा वापरता येई, घरी बसून स्वतःचा आवाज भरता येई. अडचण एकच होती, आणि तीच जिवावर बेतली: प्रती निघत नसत. सुरुवातीच्या काळात गायक चारपाच भोंग्यांसमोर उभा राहून तेच गाणं दिवसभर पुन्हा पुन्हा गात असे.

एमिल बर्लिनरनं १८८७ मध्ये सपाट तबकडी आणली ती याच अडचणीवर. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर, त्यात सुई आडवी हलत रेघ ओढते, मग आम्लात बुडवून ती रेघ पत्र्यात खोल करायची. त्यावरून उलटा धातूचा साचा काढला की शिक्का मारावा तशा हव्या तितक्या तबकड्या निघतात. आवाजाच्या दृष्टीनं नळकांडं खरं तर सरस होतं. त्यात सुईखालचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहतो. तबकडीत सुई आत सरकते तशी तिच्याखालून जाणारी लांबी कमी होत जाते, म्हणून शेवटच्या मिनिटाचा आवाज थोडा मार खातोच. हा दोष आजच्या महागड्या एलपीतही आहे. तरी तबकडी जिंकली, कारण ती छापता येते, एकावर एक रचता येते आणि दोन्ही बाजूंना भरता येते. एडिसननं १९०८ मध्ये चर दुप्पट दाट करून नळकांडं दोन मिनिटांवरून चार मिनिटांवर नेलं, पण १९२९ मध्ये त्यानं रेकॉर्डचा धंदाच गुंडाळला.

आता तुमच्या पेटीतल्या जाड तबकड्या. त्या लाखेच्या आहेत. लाख, दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू. दगडाची पूड मुद्दाम घालत. पोलादी पिन नवी टाकली की पहिल्या काही फेऱ्यांत ही पूड तिला घासून बरोबर खाचेच्या आकाराची करते. म्हणजे झिजायचं ते पिनेनं, तबकडीनं नाही. म्हणूनच दर बाजूला पिन बदलायची असते. वापरलेली पिन भिंगाखाली धरून बघा, टोकाच्या दोन्ही अंगांना चकचकीत सपाट कापे पडलेले दिसतील. तीच पिन दुसऱ्या तबकडीवर टाकली की ते कापे पटाशीसारखे चालतात. चावीच्या ग्रामोफोनवर एकाच पिनेनं संध्याकाळभर गाणी ऐकवणारे हौशी लोक मला भेटतात, तेव्हा मी त्यांच्या तबकड्यांकडे बघणं टाळतो.

दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीन मिनिटं, बारा इंचीवर चारच्या आसपास. या मर्यादेनं गाणं कसं कापलं ते बघण्यासारखं आहे. १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग या एकाच ध्वनिमुद्रकानं मिलानला एन्रिको कारुसोचा आवाज घेतला आणि वर्षाअखेरीस कलकत्त्याला गौहरजानचा. कारुसोला ऑपेरातलं एखादं पद तेवढ्यात बसवायचं होतं, गौहरजानला अख्खा राग. तिनं तो बसवला: आलापाला जवळजवळ फाटा, बंदिश, चार चटपटीत ताना, आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव. ते नाव सांगण्यात तोरा होता असं लोक समजतात. कारण साधं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हानोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना साचा कोणाचा हे कळायला हवं होतं. गाणं तीनचार मिनिटांचं असायचं हा संकेत त्या दहा इंचांतून आला. मर्यादा गेली, सवय राहिली.

या काळात वीज कुठेच नव्हती. गायक भोंग्यात तोंड घालून गायचा आणि वरच्या पट्टीत गेला की मागे सरकायचा, नाहीतर सुई उडायची. व्हायोलिनचा आवाज भोंग्यापर्यंत पोहोचत नसे, म्हणून व्हायोलिनलाच कर्णा बसवला. स्ट्रो व्हायोलिन म्हणतात त्याला. १९२५ मध्ये मायक्रोफोन आणि विजेवर चालणारं कटिंग आलं. आवाजासाठी झालेली खरी क्रांती म्हणायची तर हीच. कानाशी कुजबुजल्यासारखं गाणारा गायक मायक्रोफोननं शक्य केला. त्याआधी ज्याचा आवाज दणदणीत, त्याचीच रेकॉर्ड.

वेगाचं बोललो होतो, ते आता. ‘७८ची रेकॉर्ड’ म्हणतात, पण १९२५च्या आधीच्या तबकड्या मिनिटाला सत्तर ते ऐंशी किंवा त्याहून जास्त अशा कुठल्याही वेगानं भरलेल्या सापडतात. ७८ हा आकडाही कुणी कानानं ऐकून ठरवलेला नाही. मिनिटाला ३६०० फेरे घेणाऱ्या विजेच्या मोटरला ४६ पट वेग उतरवणारा गिअर लावला की ७८.२६ येतात, एवढंच. जिथे वीज ५० हर्ट्झची तिथे ७७.९२. ७४च्या वेगानं भरलेली तबकडी ७८वर लावली तर काळी एकमध्ये गाणारी बाई जवळजवळ पांढरी दोनमध्ये गाते, आणि तिच्या ताना आहेत त्याहून चपळ वाटतात. जुन्या गायकांच्या ‘विजेसारख्या’ तानांच्या काही दंतकथा ग्रामोफोनच्या चावीतून आल्या आहेत असं माझं मत आहे. म्हणून मी वेग ठरवताना आधी साथीच्या बाजाच्या पेटीची पट्टी शोधतो. गायकाचा आवाज चकवतो, पेटीचे सूर ठरलेले असतात.

एलपीचा ३३⅓ हा वेग सिनेमातून आला. १९२६ मध्ये बोलपटाचा आवाज वेगळ्या तबकडीवर असे, आणि फिल्मचं एक रीळ चाले अकराएक मिनिटं. तेवढा वेळ पुरावा म्हणून सोळा इंची तबकडी सावकाश फिरवली. १९४८ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं तोच वेग घेतला, लाखेऐवजी व्हिनाइल घेतलं आणि खाच बारीक केली. एका बाजूला बावीसेक मिनिटं मिळाली. सिंफनीचा एक अख्खा भाग मध्ये न उठता ऐकता आला. पुढच्याच वर्षी आरसीए या दुसऱ्या कंपनीनं मोठ्या भोकाची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी काढली, आणि काही काळ गिऱ्हाइकाला कळेना कुठलं यंत्र घ्यावं. शेवटी दोघंही टिकले, लांब संगीताला एलपी आणि एकेका गाण्याला ४५.

खाचेची रुंदी लक्षात ठेवा, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. ७८च्या सुईचं टोक साधारण ७५ मायक्रॉनचं, एलपीचं २५ किंवा त्याहून कमी. एलपीची सुई ७८वर टेकवली तर ती खाचेच्या भिंतींना टेकतच नाही, तळातल्या कचऱ्यातून फरफटत जाते. ‘रेकॉर्ड फार खराब आहे हो’ म्हणून आणलेल्या कितीतरी तबकड्या योग्य सुई लावल्यावर स्वच्छ वाजलेल्या मी पाहिल्यात. उलट प्रकार मात्र भरून येत नाही. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स (पिन धरणारी गोल डबी) शंभर ग्रॅमहून जास्त वजनानं तबकडीवर बसतो, एलपीचं कार्ट्रिज (सुई धरणारा छोटा भाग) दोनेक ग्रॅमनं. ग्रामोफोनवर एलपी एकदा जरी वाजवली तरी तिची खाच नांगरली जाते.

टर्नटेबल घेतलं, एलपी लावली आणि आवाज पातळ, चरचरीत, खर्ज गायब, ही तक्रारही नेहमीची. दोष एलपीचा नसतो. खर्जाच्या लाटा रुंद असतात, त्या जशाच्या तशा कोरल्या तर शेजारच्या खाचेत घुसतील. म्हणून कापताना खर्ज कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात. वाजवताना फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबल आणि ॲम्प्लिफायरच्या मधली जोडणी, ते उलटं करून सरळ करतो. १९५४च्या सुमारास सगळ्यांनी यासाठी एकच मोजमाप मान्य केलं. त्याआधी दर कंपनीचं आपापलं होतं. टर्नटेबल साध्या इनपुटमध्ये लावलं की हे उलटं करणारा कुणीच नसतो.

स्टिरिओबद्दल एवढंच: ॲलन ब्लमलाइननं १९३१ मध्येच त्याचं पेटंट मागितलं होतं, बाजारात स्टिरिओ एलपी १९५८ च्या सुमारास आल्या. खाचेच्या दोन भिंतींवर दोन चॅनेल. याचा जुन्या तबकड्यांना फुकटचा फायदा होतो. ७८ची तबकडी स्टिरिओ कार्ट्रिजनं वाजवून दोन्ही चॅनेल एकत्र केले की सुईच्या वरखाली हलण्यातून येणारी खरखर बरीचशी आपोआप पुसली जाते, गाण्याला धक्का न लागता.

चुंबकाची गोष्ट वेगळ्या वाटेनं आली. डेन्मार्कच्या वाल्देमार पोल्सननं १८९८ मध्ये पोलादी तारेवर आवाज धरला. जर्मनीत फ्रित्झ फ्लॉयमरनं १९२८ मध्ये कागदाच्या पट्टीवर लोखंडाची भुकटी चिकटवली, १९३५ मध्ये एईजी कंपनीनं मॅग्नेटोफोन हे टेपचं यंत्र दाखवलं, आणि १९४० मध्ये रेकॉर्ड करताना कानाला न ऐकू येणारा उच्च वारंवारतेचा प्रवाह मिसळण्याची युक्ती सापडल्यावर टेपची फसफस एकदम खाली आली. युद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकन सैनिकानं अशी दोन यंत्रं सुटी करून घरी नेली. बिंग क्रॉस्बी या अमेरिकन गायकाला दर आठवड्याला रेडिओवर जिवंत कार्यक्रम करायचा कंटाळा आला होता, त्यानं १९४७ मध्ये टेपला हात घातला. टेपनं वेळ तर दिलाच, पण त्याहून मोठी गोष्ट दिली: ब्लेड. तोवर तिसऱ्या मिनिटाला चूक झाली की पहिल्यापासून सुरुवात. टेपवर चूक कापून काढता आली, दोन वेगळ्या दिवसांचं गाणं चिकटपट्टीनं जोडता आलं. त्यानंतरच्या कुठल्याही ‘सलग’ गायनाकडे मी थोड्या संशयानंच बघतो.

आवाजापेक्षा सोय जिंकते याचा माझा आवडता पुरावा म्हणजे कॅसेट. फिलिप्समध्ये लू ओटेन्सनं कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा करून घेतला आणि यंत्र याहून मोठं नको असं ठरवलं. १९६३ मध्ये कॅसेट आली. स्टुडिओत टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावते, कॅसेटमध्ये ४.७६, म्हणजे आठवा हिस्सा. पट्टीची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि तिच्यात चार ट्रॅक कोंबलेले. पत्रांचा मजकूर सांगायला ठीक, संगीताला नाही, असंच सुरुवातीला सगळ्यांना वाटलं. एडिसनच्या यंत्राचंही तेच झालं होतं! फिलिप्सनं इतरांना ही रचना पैसे न घेता वापरू दिली, डॉल्बीच्या तंत्रानं फसफस दाबली, चांगल्या भुकटीच्या टेपा आल्या, आणि दहापंधरा वर्षांत जग कॅसेटमय झालं. त्याच काळात गाड्यांतून एट-ट्रॅक नावाचं धूड होतं. त्याची टेप गोल फिरत राहायची आणि ट्रॅक बदलताना गाणं मध्येच ‘टक’ करून तुटायचं. ते गेलं ते बरं झालं.

१ जुलै १९७९ला सोनीचा वॉकमन आला. त्यात रेकॉर्डिंगची सोयच नव्हती, आणि म्हणून तो चालणार नाही असं वाटणारे कमी नव्हते. त्याला हेडफोन लावायला दोन भोकं होती, कारण एकट्यानं संगीत ऐकणं शिष्टपणाचं दिसेल अशी धास्ती होती. पुढे लोकांना एकटंच ऐकायचं असतं हे कळलं आणि दुसरं भोक गळालं.

कॅसेटी वाजवताना हेडशेजारचा (हेड म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग) एक बारीक स्क्रू ओळखून ठेवा. हेड टेपशी काटकोनात आहे की नाही हे त्यानं ठरतं. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर आज सरळ हेडवर ती बोळ्यानं कान बंद केल्यासारखी वाजते. मी कॅसेट चालू ठेवून, दोन्ही चॅनेल एकत्र करून, स्क्रूड्रायव्हर केसभर फिरवतो आणि फक्त ‘स’ आणि ‘श’कडे कान देतो. एका जागी पडदा बाजूला झाल्यासारखा ‘स’ उघडतो. तिथे थांबायचं. दुसरी कॅसेट, पुन्हा तेच. मृत माणसाचा आवाज ऐकायला आलेलं कुटुंब शेजारी बसलेलं असतं तेव्हा हा चतकोर फेरा त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो.

सीडी १९८२च्या ऑक्टोबरात जपानमध्ये विकायला आली. सेकंदाला ४४,१०० नमुने हा विचित्र आकडा कुठून आला? डिजिटल आवाज साठवायला तेव्हा परवडणारं एकच साधन होतं, व्हिडिओ टेप. चित्राच्या दर ओळीत तीन नमुने, २४५ ओळी, सेकंदाला ६० क्षेत्रं (एका आड एक ओळींची अर्धी चित्रं), तिघांचा गुणाकार ४४,१००. युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी आणि ५० क्षेत्रं, उत्तर तेच. सिनेमाच्या रिळानं एलपीचा वेग ठरवला, व्हिडिओच्या ओळींनी सीडीचा. आवाजाच्या माध्यमांवर चित्रानं असा दोनदा शिक्का मारलाय.

सीडी आतून बाहेर वाचली जाते, सुरुवातीला मिनिटाला ५०० फेरे आणि काठाशी २००, म्हणजे नळकांड्याचा एकसारखा वेग परत आला. ओरखडा पडला तरी ती वाजते, कारण माहिती विखरून आणि जादा खुणांसह लिहिलेली असते. अडीचएक मिलिमीटरची सलग खाडाखोड ती पूर्ण भरून काढते. चकचकीत बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक आहे. नाजूक बाजू वरची, लेबलची: तिथे लॅकरच्या (वार्निशसारख्या) पातळ थरामागे लगेच ॲल्युमिनियम आहे. लोक नेमकी तीच बाजू टेबलावर ठेवतात आणि तिच्यावर बॉलपेननं नाव कोरतात.

घरी बर्न केलेली सीडी ही मात्र दिसायला सीडी, आतून वेगळंच. कारखान्यात छापलेल्या सीडीत खड्डे असतात. बर्न केलेलीत रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझर त्यावर डाग पाडतो. रंगद्रव्य उजेडानं, उष्णतेनं, नुसत्या वयानंही उतरतं. वर ती चूक भरून काढणारी यंत्रणा तुम्हाला काही कळू देत नाही. तबकडी खराब व्हायला लागली की कुरकुर करते, टेप मंद होते, सीडी शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत वाजते आणि एका सकाळी उघडतच नाही. म्हणून ती पहिली.

एमपीथ्रीचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुमच्या पेटीत नाही. जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आवाजाच्या आड लपणारे बारीक आवाज टाकून द्यायची पद्धत बसवली. सीडीचा सेकंदाला १,४११ किलोबिटचा प्रवाह १२८वर आला, म्हणजे अकरावा हिस्सा. ही पद्धत तपासायला त्यांनी सुझान व्हेगाचं साथीशिवायचं गाणं घेतलं होतं, कारण एकट्या आवाजात लपायला जागा नसते. २००१च्या आयपॉडमध्ये हजार गाणी मावली आणि मिनिटांचं भांडण तिथे मिटलं. पुढे स्ट्रीमिंग आलं आणि हातात धरायचं काही उरलं नाही. २०२० मध्ये अमेरिकेत एलपीच्या विक्रीचे पैसे १९८६नंतर पहिल्यांदाच सीडीपेक्षा जास्त झाले. चांगल्या आवाजासाठी हे झालं असं मला सांगू नका. मोजमापात सीडीची शांतता एलपीपेक्षा कितीतरी खोल आहे. लोकांना बावीस मिनिटांनी उठायला लावणारं काहीतरी हवंय, एवढंच मला दिसतं.

आता वाचवायचं कसं ते. एक गोष्ट आधी समजून घ्या: माध्यमाच्या आधी यंत्र मरतं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या अंतराळात गेल्या, त्यांत केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. पाठवणाऱ्यांनी तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुईही दिली, आणि वेग किती ठेवायचा हे झाकणावर चित्रांनी कोरलं. आपल्या घरात ही अक्कल कुणी दाखवत नाही. स्पूल जपून ठेवतात आणि स्पूलचं यंत्र भंगारात देतात.

बर्न केलेल्या सीडी आजच संगणकात उतरवा. एखादी अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते. स्पूलचा डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर पट्टी ॲसिटेटची आहे आणि ती विघटित होतेय. तो स्पूल बाकीच्यांपासून लांब ठेवा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही चांगल्या कंपन्यांच्या टेपांचा चिकटणारा थर हवेतली आर्द्रता शोषून चिकट होतो. यंत्रात टेप किंचाळली आणि हेडवर तपकिरी राळ साचली तर त्या क्षणी बंद करा. अशी टेप पन्नासेक अंश उष्णतेत काही तास ठेवून तात्पुरती वाजती करता येते, पण तो घरच्या ओव्हनचा प्रयोग नव्हे. ॲसिटेटच्या पट्टीला तर ही उष्णता मुळीच दाखवायची नाही. कॅसेटीच्या मागच्या काठावरच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या आधी मोडून टाका, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. मग टेपमागची फेल्टची बारीक गादी जागेवर आहे का बघा. ती गळालेली असेल तर आतली टेप दुसऱ्या, स्क्रूच्या कॅसेटमध्ये घालावी लागते. वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत नेऊन परत आणा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची पट्टी बारा मायक्रॉनची, एकशेवीसची नऊ. नऊवालीला जुन्या यंत्रात घालणं म्हणजे ती खायला देणं.

लाखेच्या तबकड्यांना पाणी आणि थेंबभर सौम्य साबण चालतो, पण लेबल भिजवू नका आणि पुसून लगेच वाळवा. स्पिरिट मात्र कधीच नाही. या धंद्यात मी नवा असताना एका तबकडीवरचा चिकट डाग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. बोळा काळा झाला, मला वाटलं काय मळ निघतोय! तो मळ नव्हता, गाणं होतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे मला पॉलिशवाल्या सुताराइतकंही ठाऊक नव्हतं. ती तबकडी अजून माझ्या टेबलावर आहे, तिसऱ्या अंतऱ्यापाशी एक बोटभर गुळगुळीत जागा. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या चवडीत नको. फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची ठेवा, आणि खरखर काढायची ती त्या फाइलच्या प्रतीतून. मूळ फाइल कच्चीच राहू दे. आज लोक खरखरीबरोबर तंबोराही पुसून टाकतात.

आणि तो अपवाद. जाड तबकड्या एकेक करून हातात घ्या. एखादी काळी, जरा जास्तच चकचकीत, मधल्या भोकाच्या काठाला धातू चमकतोय, भोकाशेजारी आणखी एखादं भोक आहे, लेबल छापील नाही तर हातानं लिहिलेलं, अशी निघाली तर ती लाखेची नाही. ती ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर दिलेली, थेट कोरलेली तबकडी आहे. तिची साचा-प्रत नसते, जगात ती एकच. थर आकसून तडकतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. पृष्ठभागावर पांढरट, तुपकट भुकटी दिसायला लागली असेल तर ती प्रक्रिया सुरू झालेली आहे. अशी एक जरी निघाली तर ती सीडींच्याही आधी. तिला पुसू नका, वाजवून बघू नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि ज्याच्याकडे हलकं कार्ट्रिज आणि ७८च्या निरनिराळ्या सुया आहेत त्याच्याकडे ती या आठवड्यात पोहोचवा.